अर्जात जे मागितलंच नाही, ते कोर्ट देणार कसं?

सासरच्या कपाटात अडकलेल्या मार्कशीटबद्दलची पत्रं मला सतत येतात. ताजं पत्र एका पदवीधर तरुणीचं आहे. मारहाणीला कंटाळून ती माहेरी आली आणि तिने कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली अर्ज केला. आता बी.एड.ला प्रवेश घ्यायचाय, पण मूळ कागदपत्रं नवऱ्याकडे आहेत. सासूने व्हॉट्सअॅपवर कळवलंय, 'आधी केस मागे घे, मग कागद मिळतील.' घर सोडून वर्ष उलटल्यावर अर्ज केला, म्हणून तो बाद होईल का, अशी तिला भीती आहे.

भीती सोडा. या कायद्याच्या कलम 12 खाली केलेल्या तुमच्यासारख्या अर्जाला एक वर्षाच्या मुदतीचं बंधन नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये स्पष्ट केलंय. खरी अडचण वेगळीच आहे. तुम्ही पाठवलेल्या अर्जात मंगळसूत्र आहे, फ्रिज आहे, स्टीलचे डबेसुद्धा मोजून लिहिलेत. गुणपत्रिकांबद्दल एक ओळ नाही! ज्या कागदांवर तुमचं पुढचं शिक्षण अवलंबून आहे तेच राहिले. सही करण्याआधी अर्ज वाचायला हवा होता, आणि तुमच्या वकिलांनीही विचारायला हवं होतं.

कलम 19(8) खाली स्त्रीधनच नव्हे, तर तुमचा हक्क असलेली इतर मालमत्ताही परत करायला न्यायदंडाधिकारी सांगू शकतात. माझ्या मते गुणपत्रिका त्यात बसते. समोरचे वकील वाद घालतील, घालू द्या. या कायद्याखालच्या अर्जात दुरुस्ती करता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्येच मान्य केलंय. तेव्हा दुरुस्ती अर्ज द्या आणि सोबत कलम 23 खाली अंतरिम, म्हणजे अंतिम निकालाआधीच्या तात्पुरत्या, आदेशाचा अर्ज शपथपत्रासह जोडा. 'शैक्षणिक कागदपत्रे' असं मोघम लिहू नका. प्रत्येक कागद वेगळा लिहा: परीक्षा, वर्ष, बैठक क्रमांक, कुठे ठेवलाय. प्रवेशाचं वेळापत्रकही जोडा, म्हणजे घाई का आहे ते दिसेल.

मूळ अर्ज साठ दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा, असं कायदा सांगतो. तारखांवर तारखा पडताना हे कुणाला आठवत नाही, याची मला चीड येते. अंतिम आदेशाची वाट पाहाल तर वर्ष वाया जाईल.

आणखी एक मागणी विसरू नका: कलम 19(7) खाली पोलिसांची मदत. कलम 31 ची शिक्षा संरक्षण आदेश, म्हणजे हिंसा करू नका असं बजावणारा आदेश, मोडल्याबद्दल आहे. कागद परत न केल्यास ती आपोआप लागेल असं धरून चालू नका.

सासूबाईंचा तो संदेश डिलीट करू नका, फोनही बदलू नका. कागद त्यांच्याकडेच आहेत, याची ती कबुली आहे. तो पुराव्यात आणताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं, प्रमाणपत्र लागेल.

'कागद हरवले' अशी पोलिसांत नोंद करून दुय्यम प्रत काढा, असा सल्ला तुम्हाला कुणी तरी दिलाय. करू नका. हरवले म्हणून लिहून दिलंत, की उलटतपासणीत तेच तुमच्यासमोर धरतील. विद्यापीठाला खरं कारण लेखी कळवा. काय मिळेल ते त्यांच्या नियमांवर आहे. गुणपत्रिका डिजिलॉकरवर (कागदपत्रांच्या सरकारी ऑनलाइन सेवेवर) असेल तर आधी ती काढा. 2016 च्या नियमांनुसार ती मूळ प्रतीसारखीच धरायची असते.

वकिलाची फी परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट नाही.

दोन्ही अर्ज पुढच्या तारखेआधीच दाखल करा आणि प्रत समोरच्यांना लगेच द्या. तारखेच्याच दिवशी दिलेत तर ते म्हणणं मांडायला मुदत मागतील, आणि तेवढ्यात प्रवेश बंद होतील.