कॅसिनोची मक्तेदारी की एकाधिकार?

अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या मतदानाबद्दल मराठीत लिहिताना 'कॅसिनो मोनोपॉली'ला एकाधिकार म्हणावं की मक्तेदारी, आणि 'बॅलट इनिशिएटिव्ह'ला, म्हणजे नागरिकांनी सह्या गोळा करून मतदानाला आणलेल्या प्रस्तावाला, सार्वमत चालेल का, असं तुम्ही विचारलंय.

मक्तेदारीच लिहा. मक्ता हा अरबीतून फारसीमार्गे आलेला महसुली शब्द, त्याच्या मुळाशी 'तोडणे' आहे. सरकारने ठरीव रक्कम घेऊन वसुलीचा हक्क एखाद्याला तोडून दिला की तो मक्ता. आमच्या आठवडी बाजारात मक्तेदाराचा माणूस पावतीपुस्तक घेऊन फिरायचा. कोथिंबिरीच्या चार जुड्या मांडून बसलेल्या बाईकडूनही पैसे घेऊन पावती फाडायचा. ती कुरकुरायची, पण द्यायची; लिलाव त्याने घेतलाय हे तिला ठाऊक असे. मक्त्यात घेणाऱ्याइतकाच देणाराही असतो, तो असा. एकाधिकार म्हटलं की मला कापूस एकाधिकार खरेदी योजना आठवते. तिथे सरकारने हक्क स्वतःकडेच ठेवला होता, कोणाला तोडून दिला नव्हता.

ओहायोत २००९ साली कॅसिनो चालवायचा हक्क दिला खुद्द मतदारांनी. सह्या गोळा करून 'इश्यू ३' नावाचा घटनादुरुस्तीचा प्रस्ताव मतपत्रिकेवर आला आणि सुमारे ५३ टक्के मतांनी मंजूर झाला. क्लीव्हलँड, सिनसिनाटी, कोलंबस आणि टोलेडो या शहरांत एकेक, असे चारच कॅसिनो. तेही कुठे, तर ठरलेल्या जमिनींवर. त्यांचे क्रमांक राज्याच्या घटनेतच घातले. सातबाऱ्यावरचा गट नंबर घटनेत छापावा तसं हे! कोलंबसची जागा बदलायची झाली तेव्हा २०१० च्या मे महिन्यात पुन्हा घटनादुरुस्तीसाठी मतदान घ्यावं लागलं. प्रस्तावामागे पेन नॅशनल गेमिंग ही कॅसिनो कंपनी आणि डॅन गिल्बर्ट हे उद्योगपती असे दोघे होते, म्हणून अर्थशास्त्राचे शिक्षक याला 'अल्पाधिकार', म्हणजे मोजक्यांच्या हाती असलेला बाजार, म्हणतील. ते बरोबरच आहे, पण हक्क कोणीतरी बहाल केला हे त्या शब्दातून कळत नाही.

आता सार्वमत. ते मतदानाचं नाव. प्रश्न कोणी उभा केला, हे त्यातून कळत नाही. गोव्यातल्या १९६७ च्या जनमत कौलात प्रश्न संसदेने ठरवला होता. ओहायोत २००९ साली तो सह्या करणाऱ्यांकडून आला. म्हणून इनिशिएटिव्हला 'नागरिकांचा प्रस्ताव' म्हणा आणि त्यावरच्या मतदानाला सार्वमत. 'उपक्रम' मात्र नको, त्याने वृक्षारोपण डोळ्यांसमोर येतं.

एक चूक सहज होईल, ती टाळा. अशा मक्तेदारीला आवर घालणारा २०१५ चा 'इश्यू २' नागरिकांचा प्रस्ताव नव्हता. तो विधिमंडळाने मांडला आणि मतदारांनी थोड्या फरकाने मंजूर केला. तेव्हापासून नागरिकांच्या घटनादुरुस्तीच्या प्रस्तावातून कोणाला मक्तेदारी मिळणार असेल, तर मतदारांपुढे दोन प्रश्न येतात: मक्तेदारीसाठी अपवाद करायचा का, आणि प्रस्ताव मंजूर आहे का. दोन्हींना होकार मिळाला तरच मक्ता.