भरू नकोस

अरे,

मेसेज वाचला. बँडमधला गिटारवाला म्हणतो तुझं ड्रमिंग रिकामं वाटतं, म्हणून तू दोन्ही पायांनी मोठा ड्रम बडवायचं डबल पेडल घेणार आणि रोज रोल, म्हणजे सलग जलद ठोके, घोटत बसणार. घे बापडा. पण आधी 'द मीटर्स'चा पहिला अल्बम ऐक. १९६९चा, बँडच्याच नावाचा. मोबाइलच्या स्पीकरवर नको, त्यात बास ऐकूच येत नाही.

अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सचे चौघे: आर्ट नेव्हिल ऑर्गनवर, लिओ नोसेन्टेली गिटारवर, जॉर्ज पोर्टर बासवर, ड्रम्सवर झिगाबू मॉडेलिस्ट. अख्ख्या अल्बममध्ये गायक नाही. म्हणजे मोकळी जागा झाकायला कुणी नाही, आणि तरी हे लोक ती झाकत नाहीत! पहिलंच 'सिसी स्ट्रट' लाव. गिटार आणि बास एकच ओळ जोडीनं वाजवतात आणि थांबतात. झिगाबू तेवढ्यात रोल मारून घेत नाही. हायहॅट, ती पायानं मिटायची झांजांची जोडी, तीही सरळ कुटत नाही. दोन्ही हात हायहॅट आणि स्नेअरवर वाटून घेतो आणि नको तिथे हात उचलतो. त्या गावात सेकंड लाइनच्या, म्हणजे बँडमागून लोक नाचत जातात त्या, मिरवणुकीत स्नेअर एकाकडे, मोठा ड्रम दुसऱ्याकडे, आणि दोघं एकमेकांना वाट देत वाजवतात. यानं ते दोघं एकाच सेटवर बसवले. तू पथकात ताशा वाजवलायस, तुला हे समजावून सांगायला लागू नये.

भरू नकोस रे. ही मंडळी आधी अ‍ॅलन टूसाँ या निर्मात्यासाठी ली डॉर्सीसारख्या गायकांमागे वाजवायची. मला वाटतं, हात आवरायची सवय तिथली. समोरचा गायक गेला तरी ती सुटली नाही. आणि 'असलं चालत नाही' हे मला सांगू नकोस. 'सिसी स्ट्रट' बिलबोर्डच्या आर अँड बी यादीत चौथ्या नंबरावर गेलं होतं, आणि पुढे हिप-हॉपवाल्यांनी मीटर्सचे तुकडे उचलून त्यावर गाणी उभी केली. भरगच्च वाजवलेलं असतं तर शब्द घालायला जागा कुठे मिळाली असती?

ऑर्केस्ट्रात मलाही आळशी म्हणायचे. एका संयोजकानं पाकिटातले पैसे कापले, वर म्हणतो, "तुम्ही वाजवलंत किती?" अजून डोकं फिरतं. गायिका मात्र मलाच मागायच्या, कारण माझ्या ठेक्यावर त्यांना श्वास घ्यायला मिळायचा. मी तेव्हाही बरोबर होतो. खंत एकच, त्याचं रेकॉर्डिंग नाही, त्यामुळे तुला माझा शब्दच मानावा लागेल.

तुझा हात चांगला आहे, म्हणून तर चिडतोय. पुढच्या तालमीत फक्त किक (पायानं वाजवायचा मोठा ड्रम), स्नेअर आणि हायहॅट ठेव. बाकी सगळं गाडीतच राहू दे. भरावंसं वाटेल तिथे भरू नकोस, मोज. गिटारवाला कुरकुरला तर रविवारी त्यालाही घेऊन ये. नोसेन्टेली किती कमी वाजवतो ते त्यालाच ऐकवायचंय.