लांबट दिसल्या म्हणून टाकू नकोस

प्रश्न : मॅडम, एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी पांढऱ्या उंदराच्या मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या एंडोथेलियल (आतल्या अस्तराच्या) पेशी वाढवते आहे. पुस्तकातल्या चित्रांत त्या बहुकोनी, फरशी बसवल्यासारख्या दिसतात. माझ्या लांबट, टोकदार आहेत. मैत्रीण म्हणते, हे फायब्रोब्लास्ट (संयोजी ऊतीच्या पेशी) आहेत, टाकून दे. काय करू?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : अगं, टाकू नकोस! ती चित्रं बहुधा महाधमनीच्या नाहीतर नाळेतल्या शिरेच्या पेशींची असतात. मेंदूतल्या केशवाहिनीच्या पेशी लांबट, टकळीसारख्याच वाढतात. त्या एकमेकींना बिलगून, एकाच थरात आहेत का ते बघ. पसरट, वेड्यावाकड्या कडांच्या पेशी एकमेकींवर चढत असतील, तर पेरिसाइट (केशवाहिनीला बाहेरून बिलगणाऱ्या पेशी) घुसलेत.

त्यांना हटवायची युक्ती मला फार आवडते. पहिले दोन-तीन दिवस माध्यमात प्युरोमायसिन घालायचं, मिलिलिटरला साधारण ४ मायक्रोग्रॅम. हे विष आहे; पण मेंदूच्या एंडोथेलियल पेशींत पी-ग्लायकोप्रोटीनचा पंप भरपूर असतो, त्या ते बाहेर फेकतात. बाकीच्या मरतात. मेंदूला नको त्या औषधांपासून वाचवणारा पंप इथे आपली निवड करून देतो! फायब्रोब्लास्ट मात्र मुळातच येऊ देऊ नयेत. ते मेंदूवरच्या आवरणांतून येतात; मेंदू गाळणकागदावर घोळवून ती नीट काढ, तिथे घाई नको.

आता ओळख, म्हणजे प्रतिपिंडांनी प्रथिनं रंगवून बघणं. व्हॉन विलेब्रँड फॅक्टर हे प्रथिन दिसलं म्हणजे पेशी रक्तवाहिनीची, एवढंच. मेंदूचीच असं नव्हे. क्लॉडिन-५ आणि झेडओ-१ ही पेशींमधले सांधे घट्ट ठेवणारी प्रथिनं पेशींच्या कडेला अखंड रेघेसारखी उमटली पाहिजेत. ग्लुट-१, म्हणजे ग्लुकोज वाहून नेणारं प्रथिन, तेही बघ. अल्फा स्मूथ मसल ॲक्टिनही रंगव, म्हणजे किती पेरिसाइट उरले ते कळेल. तुलनेसाठी नुसत्या दुय्यम (रंग जोडलेल्या) प्रतिपिंडाची एक काच हवीच.

मग थर किती घट्ट आहे ते कळायला त्याचा विद्युतरोध मोज. रिकाम्या इन्सर्टचा (पेशी वाढवायच्या सच्छिद्र तळाच्या कपाचा) आकडा वजा करून पडद्याच्या क्षेत्रफळाने गुणायचं, हे पुष्कळजण विसरतात. जिवंत मेंदूत हा रोध १००० ओहम-चौरस सेंटिमीटरच्या वर जातो. एकट्या थरात तो फार कमी भरतो, खाली ॲस्ट्रोसाइट (मेंदूतल्या आधारपेशी) ठेवले की वाढतो. पण मोठ्या आकड्याला भुलू नकोस. मूळपेशींपासून २०१२ मध्ये बनवलेल्या अशा पेशींचा रोध भरघोस होता. पुढे जनुकं तपासल्यावर त्या रक्तवाहिनीपेक्षा एपिथेलियमला (आतड्यासारख्या अवयवांच्या अस्तराला) जवळच्या निघाल्या.

आपल्या पावसाळ्यात इन्क्युबेटरच्या पाण्याच्या तबकात बुरशी धरते, ते पाणी वरचेवर बदल. आणि पेशी फार वेळा पुढच्या फ्लास्कमध्ये नेऊ नकोस, गुण उतरतात. आहेत त्यांवर याच आठवड्यात क्लॉडिन-५ करून घे.