बजेट कमी आहे, क्रोमबुक घ्यावं की साधा विंडोज लॅपटॉप?

तुम्ही विचारलंय की बहीण कॉलेजला जातेय, नोट्स, असाइनमेंट, व्हिडिओ लेक्चर आणि थोडंसं प्रोग्रामिंग एवढंच काम आहे, बजेट अगदी कमी आहे, तर त्याच पैशात येणारं क्रोमबुक (म्हणजे विंडोजऐवजी गूगलच्या क्रोमओएस सिस्टिमवर चालणारा लॅपटॉप) घ्यावं की ४ जीबी रॅमवाला विंडोज लॅपटॉप. मी पाच वर्षं क्रोमबुकवरच काम करतेय, घरात आईकडेही एक आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, तुलना कशाशी करताय ते नीट बघा. लोक म्हणतात "क्रोमबुकवर सगळं चालत नाही", खरंय, पण तेव्हा त्यांच्या डोळ्यासमोर चांगला, महागातला लॅपटॉप असतो, आणि तो तुमच्या बजेटमध्ये नाहीच आहे. तुमच्यासमोर आहे तो ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी ईएमएमसी (स्वस्त मशीनमध्ये असणारं, एसएसडीपेक्षा हळू) स्टोरेजचा. विंडोज ११ ची किमान अट नेमकी तेवढीच आहे, ४ जीबी आणि ६४ जीबी, म्हणजे मशीन पहिल्या दिवसापासून अटीच्या काठावर उभं. अपडेट आलं की जागा पुरत नाही, अँटीव्हायरस मागे चालू असतो, दोन टॅब आणि व्हिडिओ कॉल एकत्र लावला की सगळं अडकतं. वर रॅम बोर्डवरच सोल्डर केलेली असते त्यामुळे पुढे वाढवूही शकत नाही. क्रोमबुकवर तीच ४ जीबी रॅम बऱ्यापैकी पुरते कारण सिस्टिमच हलकी आहे, काही सेकंदात सुरू होते, अपडेट मागच्या मागे स्टोरेजच्या दुसऱ्या, वेगळ्या भागात (पार्टिशनवर) उतरतं आणि रिस्टार्ट केलं की झालं. आईच्या मशीनला आजवर मला एकदाही "जरा बघ ना काय झालंय" म्हणून हात लावावा लागलेला नाही. तरी बहिणीसाठी जमलं तर ८ जीबीच बघा, ती वीस टॅब उघडणार आहे हे गृहीत धरा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि दुकानात हे कोणी आपणहून सांगत नाही. प्रत्येक क्रोमबुकला अपडेट बंद व्हायची तारीख असते. गूगलने २०२३ मध्ये जाहीर केलं की २०२१ पासून आलेल्या मॉडेलना १० वर्षं अपडेट मिळतील, पण ही १० वर्षं तुम्ही विकत घेतल्यापासून मोजत नाहीत, तो प्लॅटफॉर्म (म्हणजे ज्या हार्डवेअरच्या रचनेवर ते मॉडेल बनलंय ती) बाजारात आला तिथपासून मोजतात! मी पहिलं क्रोमबुक घेतलं तेव्हा हे माहीत नव्हतं, सवलतीत मिळालं म्हणून सीलबंद नवं मशीन घेतलं आणि जेमतेम सव्वा वर्षात स्क्रीनवर शेवटचं अपडेट झाल्याचा मेसेज आला. विक्रेत्याने एक शब्द सांगितला नव्हता. मशीन चालू राहतं पण सुरक्षेचे अपडेट थांबतात, ब्राउझरही त्याच जागी अडकतो, मग त्यावर बँकेचं काम करायला मन धजत नाही. म्हणून मॉडेलचं पूर्ण नाव घ्या, नुसती कंपनी नाही, आणि गूगलच्या अपडेट धोरणाच्या पानावर त्या मॉडेलपुढची तारीख बघा. मशीन हातात असेल तर सेटिंगमध्ये क्रोमओएसच्या माहितीत, अतिरिक्त तपशिलात अपडेटचं वेळापत्रक दिसतं. जुनं, वापरलेलं घेत असाल तर हे बघितल्याशिवाय एक पैसाही देऊ नका.

प्रोग्रामिंगचं म्हणाल तर २०१८ पासून क्रोमबुकवर लिनक्स (प्रोग्रामर वापरतात ती फुकट सिस्टिम) चालू करता येतं, सेटिंगमधून एकदा ऑन करायचं की टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी मिळते, पायथन, सी, सी++, कोड लिहायचं व्हीएस कोड सगळं चालतं, मी स्वतः त्यातच शिकले. फक्त लिनक्ससाठी वेगळी जागा काढून ठेवावी लागते, म्हणून ३२ जीबीवालं मॉडेल अजिबात घेऊ नका, ६४ ला काम भागतं, १२८ असेल तर निवांत. पण कॅडचं (इंजिनिअरिंग ड्रॉइंगचं) सॉफ्टवेअर, जड व्हिडिओ एडिटिंग, मोठे गेम, किंवा परीक्षेसाठी कॉलेजने सक्तीचं केलेलं एखादं फक्त विंडोजवर चालणारं लॉकडाऊन ब्राउझर (परीक्षा चालू असताना बाकी काही उघडू न देणारं) असेल तर विषय तिथेच संपला, क्रोमबुक नको. अशा एका सॉफ्टवेअरपायी दर सेमिस्टरला मैत्रिणीचा लॅपटॉप मागत फिरायची वेळ येते, हे मी जवळून बघितलंय. एक्सेलचंही तसंच, वेबवरचं एक्सेल रोजच्या कामाला ठीक आहे पण मॅक्रो (तीच ती कामं आपोआप करणारे छोटे प्रोग्राम) वगैरे लागणार असतील तर डेस्कटॉपवालंच हवं आणि ते इथे बसत नाही. अँड्रॉइड ॲप प्ले स्टोअरवरून मिळतात, पण काही ॲप मोबाईलच्या स्क्रीनसाठीच बनवलेले असतात आणि मोठ्या स्क्रीनवर वेडेवाकडे दिसतात, त्यामुळे त्यांच्या भरवशावर निर्णय घेऊ नका.

नेट गेलं तर काय, हा प्रश्न सगळे विचारतात. नेट नसलं तरी मशीन बंद पडत नाही, डॉक्स आणि शीट्स ऑफलाइन चालतात, पण ती सोय आधी नेट असताना चालू करून ठेवावी लागते आणि जी फाइल लागणार आहे ती ऑफलाइनसाठी निवडून ठेवावी लागते. मी हे केलं नव्हतं आणि प्रवासात अख्खा रिपोर्ट समोर असून उघडता आला नाही, त्या रात्री रडकुंडीला आले होते. मशीन हातात आलं की पहिल्याच दिवशी हे सेटिंग करून द्या तिला. आणि ड्राइव्हवर फुकट १५ जीबी मिळतात ते जीमेल आणि फोटो धरून, लेक्चरचे व्हिडिओ साठवायला लागली की ते भरतातच, तेव्हा एक पेनड्राइव्ह किंवा बाहेरची हार्ड डिस्क सोबत ठेवा, ती साध्या लॅपटॉपसारखीच लावली की दिसते.

घ्यायच्या आधी एक करून बघा, यात काही खर्च नाही. घरात जुना लॅपटॉप पडून असेल तर ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर क्रोमओएस फ्लेक्स टाका, ती साध्या लॅपटॉपवर चालणारी क्रोमओएसच आहे, गूगलचीच आणि फुकट, इन्स्टॉल न करता थेट पेनड्राइव्हवरूनही चालवता येतं. त्यात प्ले स्टोअर नाही आणि पेनड्राइव्हवरून जरा हळू चालतं, पण बाकी अनुभव बराचसा तोच. आठवडाभर बहिणीला सगळा अभ्यास त्याच्यावरच करू दे, कुठे अडतंय ते ती स्वतःच सांगेल. कधीकधी तर तो जुनाच लॅपटॉप इतका बरा चालायला लागतो की नवीन घ्यायची गरजच उरत नाही.

आणि तिच्या कोर्सला नक्की कुठली सॉफ्टवेअर लागतात ते कॉलेजमधून लिहून आणायला सांगा, सीनियर्सना विचारलं तर आणखी बरं, कारण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला काय लागतं ते त्यांनाच माहीत असतं. ती नावं मला कळवा, लिनक्समध्ये चालण्यासारखी कुठली आहेत ते माझ्या मशीनवर टाकून बघते आणि सांगते.