दुसऱ्या मॉडेलचे पाईप माझ्या स्नोमोबाईलला चालतील का?

प्रश्न : मी मिनेसोटात राहतो. माझी स्नोमोबाईल (बर्फावर चालणारी गाडी) जुनी, 600 सीसी, दोन सिलिंडरची टू-स्ट्रोक, कार्ब्युरेटरवाली. मित्र त्याच्या 700 सीसी मॉडेलचे परफॉर्मन्स पाईप (जास्त ताकदीसाठीचे एक्झॉस्ट पाईप) देतोय. फ्लँज (पाईप इंजिनाला जोडायची कडी) जुळतंय. बसवू का?

उत्तर : फ्लँज जुळलं म्हणजे पाईप जुळला असं नाही हो. टू-स्ट्रोकचा तो फुगीर पाईप नुसता धूर बाहेर टाकत नाही. त्याच्या शेवटच्या निमुळत्या भागावरून दाबाची लाट उलटी फिरते आणि सिलिंडरमधून निसटलेलं ताजं मिश्रण पुन्हा आत रेटते. ती लाट एक्झॉस्टचं पोर्ट (सिलिंडरमधलं धूर बाहेर जायचं भोक) मिटायच्या आत पोचली पाहिजे. पाईपची लांबी त्या हिशेबाने, त्याच इंजिनासाठी काढलेली असते.

मी एकदा असेच पाईप चढवले आणि जेट (कार्ब्युरेटरमधून किती पेट्रोल जाईल ते ठरवणारे छिद्राचे तुकडे) जुनेच ठेवले. गोठलेल्या तळ्यावर फुल थ्रॉटलला गाडी मस्त पळाली आणि मिनिटभरात बंद पडली. हेड उघडलं तर पिस्टनच्या माथ्याला चार आण्याएवढं भोक! मिश्रणात पेट्रोल कमी पडलं होतं. त्यात थंडी जितकी कडक तितकी हवा दाट, म्हणजे पेट्रोल आणखी लागतं.

बसवायचेच असतील तर आधी मोठे मेन जेट टाका, स्पार्क प्लगचा रंग बघत हळूहळू लहान जेटवर उतरा. तपकिरी झाला की थांबा; पांढरा दिसला तर पेट्रोल कमी पडतंय, परत मोठा जेट टाका. क्लचची वजनंही (क्लच किती फेऱ्यांवर पकड घेईल ते ठरवणारी) बदलावी लागतील. पाईप आणि बेली पॅनमध्ये (इंजिनाखालचं प्लास्टिकचं तळ) बोटभर तरी फट हवी, प्लास्टिक वितळतं. आणि सायलेन्सर मूळचाच ठेवा. कारखान्यातून गाडी 50 फुटांवर 78 डेसिबलच्या मर्यादेत पास होऊन येते, आणि ट्रेलशेजारी (स्नोमोबाईलच्या वाटेशेजारी) माणसं राहतात.