शूटिंगच्या गोंधळावरचे पिक्चर कुठून सुरू करायचे
हे बघ, सुरुवात थेट लॉस्ट इन ला मांचापासून कर. २००२ ची डॉक्युमेंटरी आहे, दिग्दर्शक टेरी गिलियम डॉन किहोते या जुन्या स्पॅनिश कादंबरीवर पिक्चर करायला स्पेनमध्ये जातो आणि पहिल्याच दिवशी डोक्यावरून लढाऊ विमानं, साउंडचा पार बट्ट्याबोळ, मग दुसऱ्या दिवशी असा पाऊस की सामान तर वाहून गेलंच पण माळाचा रंगच बदलला, आता आधीचे शॉट जुळवणार कसे? त्यात हिरोची पाठ धरली, झालं, शूटिंगच बंद.

मग फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोचा डे फॉर नाइट (१९७३), त्यात मांजर दूध पीतच नाही आणि अख्खं युनिट ताटकळत, लय भारी सीन आहे तो.

जपानी झोंबी कॉमेडी वन कट ऑफ द डेडची पहिली ३७ मिनिटं टुकार वाटतील, पण बंद करू नकोस आणि ट्रेलर तर अजिबात बघू नकोस.