पुढची तारीख

प्रिय मित्रा,

परवा सिगारेट विझवत तू म्हणालास, "चाळिशीत फुप्फुसं खराब होतील म्हणता, पण अठरा पूर्ण झाल्यावर मी झोपणार कुठे ते आधी सांगा." अठरानंतर सांभाळणारं घर सुटतं, म्हणून विचारलंस. मला उत्तर सुचलं नाही. घरी आल्यावर सुचलं.

तू हुशार आहेस, धीर धर वगैरे लिहीत नाही. एकच सांगते: पुढची तारीख घे. दवाखान्याची, परीक्षेची, कुणाला भेटायची, कसलीही. पण अठराव्या वाढदिवसाच्या पलीकडची हवी.

मी चार प्रतिपालक घरांत, म्हणजे मला काही काळ सांभाळायला घेतलेल्या परक्या कुटुंबांत, वाढले. तिसऱ्या घरात असताना दाढ किडली. डॉक्टरांनी तात्पुरतं सिमेंट भरून पंधरा दिवसांनी बोलावलं. मी गेलेच नाही. तोवर त्या घरात असेन कशावरून? होते की! चांगले चौदा महिने होते. दाढ मात्र गेली. दारू, रात्री कुणाच्याही गाडीवर मागे बसणं, निरोध नको म्हणणाऱ्याला हो म्हणणं, सगळं त्याच हिशेबाने. मरायचं नव्हतं रे मला. पुढच्या महिन्यात आपण असू, हे गृहीत धरायची सवयच नव्हती.

1998 चा तो अभ्यास तू तोंडावर फेकलास: लहानपणी चार किंवा जास्त प्रकारचे आघात सोसलेल्यांत सिगारेट लागण्याचा धोका एकही आघात न सोसलेल्यांच्या 2 ते 4 पट. खरं आहे. पण तो साडेनऊ हजार प्रौढांचा हिशेब आहे, तुझं भविष्य नव्हे. आकड्यांमागे लपलास की चीड येते मला. तारीख घे!

आणि ती कुणी देईल म्हणून बसू नकोस. तुझी केस बघणारी माणसं बदलतात, हे तुला मी सांगायला नको. लसींची नोंद, औषधांची चिठ्ठी, जुने रिपोर्ट आत्ताच स्वतःकडे घे. अठरानंतर राहायचं कुठे, याचा आराखडा लेखी माग. तोंडी "बघू" चालणार नाही.

चौथ्या घरातल्या काकू मी निघाल्यावर दर महिन्याला फोन करायच्या. मी उचलला नाही. कृतघ्न म्हणाले लोक. पण कुणी सोडण्याआधी आपण सोडायचं, एवढंच मला येत होतं. तेव्हा दुसरं काही जमलंही नसतं. निदान मी तरी असंच म्हणते. काकू गेल्या त्याला आता सहा वर्षं झाली.

तुझ्या अठराव्या वाढदिवसानंतरच्या महिन्यातला दुसरा रविवार, सकाळी दहा. मी वहीत लिहिलंय. पत्ता बदलला तर कळव, तिथे येईन.

तुझी,
ताई